सुई टेकल्यानंतरची खरखर

पैज लागली ती जिन्यात. तिसऱ्या मजल्यावरचा कानसेन दोन्ही हातांत पिशव्या घेऊन वर चढत होता आणि दुसऱ्या मजल्यावरचा मिक्सरवाला कठड्याला टेकून उगाच उभा होता. मिक्सरवाला उगाच उभा दिसला की अख्ख्या इमारतीने सावध व्हावं. ‘जिना चढताना पायऱ्या मोजाव्यात, हुकमावरून’ अशी चिठ्ठी त्याने एकदा नोटीसबोर्डावर लावली होती, आणि पहिल्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क आठवडाभर मोजत चढले होते. वर त्यांनी आकडा लेखी कळवला होता, तोही दोन प्रतींत.

खरं तर मिक्सरवाला मिक्सर, पंखे, इस्त्र्या, जे बंद पडेल ते दुरुस्त करायचा. वय पन्नाशीला टेकलं होतं, पण टेकलं एवढंच, शिरलं नव्हतं. कानसेनचं बसगाड्यांचं गॅरेज होतं. हे नाव त्याला ड्रायव्हर लोकांनी दिलेलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला लावायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि आत काय मोडलंय ते सांगायचा. डॉक्टर छाती तपासतो तसं. फरक इतकाच, की डॉक्टर कधीकधी चुकायचा.

आणि या माणसाला एकच व्यसन. रॉक. तेही साठ ते एकोणऐंशी या वीस वर्षांतलंच. त्याच्या मते त्या वीस वर्षांत संगीत झालं, नंतर नुसती वीज वापरली गेली. त्याच्याकडे चाळीस लाँगप्ले रेकॉर्ड्स होत्या, आणि ‘अत्यावश्यक चाळीस’ अशी हाताने लिहिलेली यादी गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलेली होती. एक्केचाळिसावी रेकॉर्ड सुचवायला गेलेले दोन जण पुन्हा तिथे गाडी घेऊन गेले नाहीत. इमारतीतल्या लोकांना बँडांची नावं झेपत नसत, म्हणून त्यांनी कव्हरवरच्या चित्रांवरून बारसं केलं होतं. चार दाढीवाले. निळा घोडा. उलटी खुर्ची. आणि एक ‘लांबलचक’, जिच्या अख्ख्या बाजूवर एकच गाणं होतं, बावीस मिनिटांचं. त्यात मधली सात मिनिटं नुसते ड्रम.

“दादा, काल पुन्हा घोडा लावला होतात ना?” मिक्सरवाल्याने विचारलं. “आमच्या ताटल्या थरथरत होत्या.”

“दाढीवाले होते. तुला घोडा आणि दाढी यातला फरक कळत नाही, तो तुझा दोष.”

“सगळं सारखंच वाजतं हो. धडाम धुडूम.”

कानसेनने पिशव्या खाली ठेवल्या. “अरे, गाणं सुरू व्हायची वाटसुद्धा मी बघत नाही. सुई टेकली की पहिला सूर येईपर्यंत जी खरखर होते ना, त्यावरून सांगतो कुठली रेकॉर्ड आहे ते. प्रत्येकीची वेगळी. दाढीवाल्यांवर तुझ्या वहिनीने एकदा सुई पाडली होती, ती टक्‌ टक्‌ करते. घोडा उन्हात ठेवला गेला होता, तो दम लागल्यासारखा फुसफुसतो.”

“खरखर ती खरखर. उद्या म्हणाल, माझ्या पोटातली गुरगुर ऐकूनही सांगाल.”

“सांगतो. दुपारी बटाटा खाल्लायस.”

खाल्ला होता. खाली दारात उभी असलेली पार्लरवाली ताई खो खो हसली, आणि मिक्सरवाल्याला पैज लावण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. येत्या रविवारी दहा रेकॉर्ड्स, पाठ फिरवून, फक्त खरखर. नऊ ओळखल्या तरी जिंकलास, असं मिक्सरवाला मोठ्या मनाने म्हणाला. कानसेन म्हणाला, भीक नको, दहाच्या दहा. हरणाऱ्याने त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी खाली आवारात, सगळ्यांसमोर, ताईच्या पार्लरमधला केसांचा टोप घालून, झाडूची गिटार करून ‘लांबलचक’ वाजवायची. पूर्ण बाजू. ड्रमसकट, त्यासाठी बादल्या ज्याने त्याने आणायच्या. ताई पंच. हात मिळवले गेले.

आता इथे मिक्सरवाला हरला असता तर हसून मोकळा झाला असता. पण त्याला ठाऊक होतं, की तो हरणारच. ते कान त्याला माहीत होते. आणि हरणार हे ठाऊक असलेल्या मिक्सरवाल्याचं डोकं कसं चालतं, ते त्याच्या बायकोलाच माहीत. ती आठवडाभर माहेरी गेली होती, हाच घोटाळा झाला.

दुसऱ्याच दिवशी तो तिसऱ्या मजल्यावर गेला. “दादा, त्या प्लेअरचा पट्टा ढिला झालाय. खाली ऐकू येतं, मध्येच आवाज झोपतो. सर्व्हिस करून देतो. रेकॉर्ड्सही द्या, लावून बघायला लागतील. शिवाय पैजेआधी तुम्ही तालीम करायची नाही, हे बरंच.”

कानसेनने प्लेअर दिला, पेटी दिली. “दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नसती,” एवढंच म्हणाला.

मिक्सरवाल्याने पट्टा खरंच बदलला. मग जुनी सुई काढली, जी झिजून इतकी बोथट झाली होती की रेकॉर्डवरच्या रेघांच्या तळातला कचरा खरवडत चालायची, आणि तिच्या जागी नवी, बारीक, महागातली बसवली. नवेपणा दिसू नये म्हणून तिला मशीनचं काळं तेल फासलं. मग मोरीत टब मांडला, कोमट पाणी, बायकोचा बाटलीतला भांड्यांचा साबण, दाढीचा मऊ ब्रश. चाळीसच्या चाळीस रेकॉर्ड्स त्याने आंघोळ घालावी तशा धुतल्या, ताटल्यांच्या स्टँडमध्ये उभ्या करून वाळवल्या आणि पुन्हा त्याच मळक्या कव्हरांत घातल्या. तीस-पस्तीस वर्षांची धूळ, बोटांचं तेल, सगळं मोरीतून गेलं. लावून बघितली तर सुई टेकते आणि काहीच नाही, नुसती शांतता, आणि मग एकदम गिटार. मिक्सरवाला मोरीत एकटाच नाचला. फसवणूक म्हणावी, तर गिऱ्हाइकाला मागितलं त्याच्या दुप्पट दिलं होतं. आजवरच्या आयुष्यात इतकी सुबक खोडी त्याने केली नव्हती.

रविवारी कानसेनच्या घरात दहा-बारा माणसं जमली. प्लेअर आतल्या खोलीत, दाराला चादर बांधलेली, आत ताई. बाहेर खुर्चीवर कानसेन, दाराकडे पाठ, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर जावयाला पहिल्यांदा भेटणाऱ्या सासऱ्याचा रुबाब.

थोडा वेळ गेला. “लाव ना, ताई,” तो म्हणाला.

“केव्हाच लावलीय, काका.”

आणि गिटार धडकली. लोक हसले. कानसेनही हसला, म्हणाला, लक्ष नव्हतं, दुसरी लाव. दुसरीलाही तेच. तिसरीला तो खुर्चीच्या कडेला आला. चौथीला त्याने तळहात कानामागे धरला. गाणं सुरू झालं की लगेच ओळखायचा, पण ते पैजेत नव्हतं. पाचवी ते दहावीपर्यंत तो अंदाज फेकत गेला आणि दहातल्या दोन लागल्या. हेडक्लार्क मोठ्याने मोजत होते. मिक्सरवाल्याला हसून हसून पोटात कळ आली.

“ताई, तुला आत ऐकू येत होती का खरखर?” कानसेनने विचारलं.

“मला ती कधीच कळली नाही, काका. आधीही.”

पांगापांग झाली. कानसेनने दारात मिक्सरवाल्याचा दंड धरला. आवाज खाली आणून म्हणाला, “तुझे कान बरे आहेत. तुला येत होती?”

इथे ‘नाही’ म्हटलं असतं तरी गोष्ट इथेच संपली असती. पण खोडी अजून गरम होती, आणि गरम खोडीवर मिक्सरवाल्याचा ताबा नसे.

“येत होती की,” तो म्हणाला. “अगदी स्पष्ट.”

कानसेनने मान हलवली. “हरलो. पुढच्या रविवारी वाजवतो,” म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

सोमवारी मिक्सरवाल्याने हा किस्सा सात जणांना सांगितला. मंगळवारी तो मुद्दाम गॅरेजवरून गेला, दोन शब्द चिडवायला. आत एक बस उभी होती, इंजिन चालू होतं, आणि कानसेन स्क्रूड्रायव्हर कानाला लावून उभा होता. मग त्याने तो ड्रायव्हरच्या हातात दिला. “तू ऐक,” म्हणाला. “कायसं घासल्यासारखं येतंय का?”

“मला काय कळतंय, दादा. तुम्ही सांगा.”

“बेअरिंग गेलंय असं मला वाटतं. वाटतं म्हणतोय. खोलून बघू.”

गेल्या तीस वर्षांत त्याने ‘वाटतं’ म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. अख्खी दुपार त्याने इंजिन खोललं. बेअरिंगच गेलं होतं. “लागला अंदाज,” असं म्हणून त्याने हात पुसले. मिक्सरवाला न चिडवताच परत फिरला. वाटेत त्याला जोक आठवला होता, तो त्याने गिळला.

बुधवारी वहिनी स्वतःची इस्त्री घेऊन त्याच्या दुकानात आल्या. इस्त्रीला काही झालं नव्हतं, वायर नुसती वळली होती.

“भावजी, यांना तुम्ही काही बोललात का?”

“मी? नाही बुवा. का?”

“मनगटावरचं घड्याळ काढून एकदा या कानाला लावतात, एकदा त्या कानाला. दिवसभर. त्यांच्या वडिलांचं ऐकणं एकोणसाठाव्या वर्षी गेलं, आणि यांना आता एकोणसाठच चालू आहे. तपासून घ्या म्हटलं तर म्हणतात, मशीन काय सांगणार, जे मला कळायचं ते कळलं. रेकॉर्ड एकही लावली नाही आठवड्यात. घर इतकं शांत झालंय, मला करमत नाही.” मग त्या किंचित हसल्या. “मीच ओरडायचे हो, आवाज कमी करा म्हणून.”

मिक्सरवाल्याने इस्त्री उगाच खोलली, उगाच बंद केली आणि काहीच न घेता परत दिली.

गुरुवारी बायको माहेरून आली. भांड्यांचा साबण तळाला गेलेला तिने पहिल्या दहा मिनिटांत पाहिलं, आणि नवरा गप्प बसलाय हे अकराव्या मिनिटाला.

“काय केलंत?”

त्याने सांगितलं. सुरुवात त्याने किस्सा सांगतात तशी रंगवून केली, पण शेवटाकडे येता येता आवाज बारीक होत गेला. ती हसली नाही. एरवी त्याच्या खोड्यांवर सगळ्यात आधी तीच हसायची.

“आणि स्पष्ट येत होती म्हणून सांगितलंत?”

“तेव्हा गंमत वाटली.”

“आज कानसेन भाऊजींनी बसमालकाला काय सांगितलंय, माहितीये? ताई खाली भेटली मला. म्हणाले, गाड्या तपासायला दुसरा माणूस बघा, माझ्या कानाच्या भरवशावर साठ-साठ माणसं बसवू नका.” तिने रिकामी बाटली त्याच्यासमोर ठेवली. “वर जा आणि सांगा.”

गेला तो शनिवारी. मधला शुक्रवार त्याने जिना चढण्यात आणि उतरण्यात काढला. एकदा तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचलाही, पण वहिनींनी चहा टाकला आणि तो पिऊन आला. शनिवारी त्याने बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. समोर कानसेन, हातात रेकॉर्ड्सची पेटी.

“तुझ्याकडेच येत होतो. ही ठेव.”

“कशाला?”

“अत्यावश्यक चाळीस. म्हणजे एकोणचाळीस, लांबलचक तेवढी उद्यापुरती ठेवलीय. बहिऱ्या माणसाला काय करायच्यात? धडाम धुडूम ऐकू येतंय अजून, पण मला ते नको, मला आतलं ऐकायचं असतं. तुला त्यातलं कळत नाही, पण तू यंत्राची निगा राखतोस. पट्टा इतका छान बसवलास की आवाज जरासुद्धा हलत नाही. तेवढं ऐकू आलं मला.”

मिक्सरवाल्याचे हात खालीच राहिले. “दादा, मी धुतल्यात या.”

“काय धुतल्यास?”

“रेकॉर्ड्स. सगळ्या. खरखर निघून गेली. सुई पण बदलली. तुमचे कान ठणठणीत आहेत. मी फसवलं तुम्हाला.”

कानसेनने त्याच्याकडे नीट पाहिलं. आणि मग तो हसला, आठवड्यात पहिल्यांदा. “तू? तू स्वतःचा चहाचा कप धूत नाहीस. चाळीस रेकॉर्ड्स धुतल्यास?”

“शपथ घेतो.”

“तू गेल्या वर्षी शपथेवर सांगितलं होतंस, की पाण्याच्या टाकीत मासा आहे. मी गळ घेऊन गच्चीवर गेलो होतो.” त्याने पेटी मिक्सरवाल्याच्या पोटाला लावली आणि सोडून दिली, त्यामुळे धरावीच लागली. “वहिनीने पाठवलं ना तुला? दोघांनी मिळून चांगलं रचलंत. पण राहू दे. मला असं समजावायची गरज नाही. खरं सांगायचं तर तू त्या दिवशी दारात खरं बोललास, ते मला आवडलं. बाकी सगळे सांभाळून घेत होते.”

दार हळूच लागलं. मिक्सरवाला पेटी घेऊन जिन्यात बसला. आयुष्यभर त्याने सांगितलेली प्रत्येक थाप लोकांना पटली होती. आणि पहिल्यांदाच खरं सांगितलं तर ते गळी उतरत नव्हतं.

रविवारी सकाळी आवार भरलं. गॅलऱ्यांतून माणसं लटकली. ताईने टोप विंचरून आणला होता, सोनेरी, कमरेपर्यंत. हेडक्लार्कांनी बावीस मिनिटं मोजायला घड्याळ आणलं होतं. कानसेन खाली आला, धुतलेला शर्ट घालून, एका हातात झाडू, दुसऱ्या हातात बादली, काखेत ‘लांबलचक’. त्याचा उजवा गुडघा जिना उतरताना दुखायचा, म्हणून एकेक पायरी करत आला. पैज म्हणजे पैज.

मिक्सरवाल्याने वहिनींकडून प्लेअर मागून आणून आधीच बाहेर टेबलावर मांडला होता. शेजारी रेकॉर्ड्सची पेटी आणि औषधाच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. दुरुस्तीवाले जुना भाग कधी टाकत नाहीत, तसा त्यानेही टाकला नव्हता.

“थांबा,” तो म्हणाला. “दादा, दोन मिनिटं. मला चारचौघांत सांगायचंय.” आणि त्याने सांगितलं. टब, साबण, दाढीचा ब्रश, काळं तेल, दारात बोललेलं खोटं. गॅलऱ्यांतून हशा पिकला, कुणीतरी म्हणालं, याचं काही खरं नाही, आता नवीन काढलं. बायकोने वरून साबणाची रिकामी बाटली दाखवली, तर लोक आणखी हसले. त्यांना वाटलं हाही खोडीचाच भाग.

मिक्सरवाल्याने कुणाकडे बघितलं नाही. डब्यातून जुनी सुई काढली, नवी उपसून काढली, जुनी बसवली. मिक्सरचे बारीक स्क्रू तो डोळे मिटून बसवायचा, पण ही सुई दोनदा निसटली. मग त्याने पेटीतून न बघता एक रेकॉर्ड ओढली, अंगाआड धरून चढवली आणि सुई टेकवली.

खरखर आली. पूर्वीइतकी नाही, पण आली. कुठेतरी खोल एक फुसफुस, मग दम घेतल्यासारखा खंड, मग पुन्हा फुसफुस.

कानसेनच्या हातातली बादली खाली टेकली. गिटार सुरू झाली तशी त्याने बोट वर केलं. “पुन्हा ठेव. सुरुवातीला.”

ठेवली.

“घोडा,” तो म्हणाला. “पण याच्या सुरुवातीला एक बारीक चरचर होती, तुझ्या वहिनीच्या पावडरची. ती गेलीय.” मग तो मिक्सरवाल्याकडे वळला. “कशाने धुतल्यास?”

“भांड्यांच्या साबणाने.”

“चाळीसच्या चाळीस?”

“हो.”

आवारात आता कुणी हसत नव्हतं. हेडक्लार्कांनी घड्याळ खिशात टाकलं.

“दुसरी लाव,” कानसेन म्हणाला. लावली. “दाढीवाले.” तिसरी. “खुर्ची.” चौथीला तो अडला, पाचवीला नाही. एकूण सात लावल्या, पाच ओळखल्या. दोन धुण्यात पुसल्या गेल्या होत्या, त्या आता कुणालाच ओळखता आल्या नसत्या. वहिनी जिन्याच्या पायथ्याशी तोंडावर पदर धरून उभ्या होत्या.

कानसेन मिक्सरवाल्याजवळ आला. सगळ्यांना वाटलं, आता एक ठेवून देतो. मिक्सरवाल्यालाही तेच हवं होतं. एक बसली असती तर हिशेब फिटल्यासारखं वाटलं असतं.

“सात दिवस मी बहिरा होतो,” कानसेन म्हणाला. आवाज चढला नव्हता. “तुला तसं व्हायचं असेल तर कसं वाटतं ते सांगतो. बायको बोलते आणि तू मनात म्हणतोस, हिचा आवाज आठवणीत ठेवायला हवा.”

मिक्सरवाला आवाराच्या फाटकाकडे वळला.

“बसमालकाला मी आत्ता जाऊन सांगतो,” तो म्हणाला. “सगळं सांगतो.”

“मी फोन केला की पुरे. त्याने दुसऱ्या माणसाला तीन महिन्यांचा शब्द दिलाय. तीन महिने मी बाकीच्या गाड्या करीन.” कानसेनने सोनेरी टोप ताईच्या हातातून घेतला, झटकला आणि मिक्सरवाल्याच्या डोक्यावर चढवला, नीट, केस कानांमागे सारून. मग झाडू त्याच्या हातात दिला. “पैज तू हरलास.”

‘लांबलचक’ चढली. खरखरली. मिक्सरवाल्याने झाडू छातीशी धरला आणि वाजवायला लागला. पहिली चार मिनिटं लोक हसले, शिट्ट्या आल्या. मिक्सरवाला मान हलवत होता, गुडघ्यावर बसत होता, जे जे टीव्हीवर बघितलं होतं ते ते करत होता. दहाव्या मिनिटाला गॅलऱ्या रिकाम्या व्हायला लागल्या, कारण दुसऱ्याची फजिती दहा मिनिटांच्या वर कुणी बघू शकत नाही, आणि चुली-गॅस वाट बघत होते. ड्रमच्या सात मिनिटांत त्याने कानसेनची बादली दोन्ही हातांनी बडवली. घामाने टोप डोळ्यांवर आला. हात भरून आले. आता खाली फक्त ताई, हेडक्लार्क, वहिनी आणि बायको उरली होती, आणि त्यांपैकी कुणी हसत नव्हतं.

कानसेन खालच्या पायरीवर डोळे मिटून बसला होता. तो मिक्सरवाल्याकडे बघतही नव्हता. रेकॉर्ड ऐकत होता.

बाजू संपली. सुई शेवटच्या रिकाम्या रेघेत गोल गोल खरखरत राहिली. मिक्सरवाल्याने झाडू खाली टेकवला आणि धापा टाकत उभा राहिला, कुणीतरी ‘पुरे’ म्हणावं म्हणून.

कानसेन उठला, गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. त्याने सुई उचलली, रेकॉर्ड उलटली, तिच्यावर मायेने एक फुंकर मारली आणि सुई पुन्हा टेकवली.

पैज एका बाजूची होती. मिक्सरवाल्याने टोप सरळ केला आणि झाडू उचलला.